वहीतला हिशेब
(जिल्हा बैठकीत एका शेतकरी भगिनीने केलेले भाषण)



ज्यांच्याबद्दल बोलायला तुम्ही आम्हाला उभे केले, त्यांचे नाव आम्ही उखाण्यापुरतेच घेतले. आजही 'हे' म्हणूनच बोलू. तुमच्यातल्या पुष्कळांनी यांना पाहिले आहे. सभेत मागच्या ओळीत बसायचे, भाषण कधी केले नाही, पण सभा संपली की सतरंज्या गुंडाळायला सगळ्यांत पुढे. अशा माणसाची आठवण सहसा कुठे छापून येत नाही, म्हणून बोलायला तयार झालो.

हे गेले ऑक्टोबर २०२१ मध्ये. ज्वारीचा दाणा भरत आला होता आणि रानडुकरांचा उच्छाद होता. रोजच्यासारखे जागलीला गेले, खोपीत पोते अंथरून भुईवर निजले. पहाटे घरी आले ते पोट दुखते म्हणत. अंगावर दंश दिसेना, सूज नाही, रक्त नाही. तासाभरात पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. शेजारच्या मुलाने ओळखले, म्हणाला, काकू, ही मण्यार असेल. गाडी केली, तालुक्याचा दवाखाना गाठला, लस सुरू झाली. पण मण्यारीच्या विषाने श्वास ओढायची ताकदच जाते. श्वास देणारे यंत्र होते जिल्ह्याच्या गावी. तिथे पोचायच्या आधीच श्वास थांबला. संध्याकाळी भाकरी बांधून दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हता.

जागल तुम्हा सगळ्यांना आहे, म्हणून आधी हे ऐकून घ्या. मण्यार रात्री फिरते, भुईवर निजलेल्याला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. माळ्यावर निजा, बाजेवर निजा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून निजा. पहाटे पोटात दुखले आणि पापण्या जड झाल्या तर वाट पाहू नका. मांत्रिक नाही, चिरा देणे नाही, दोरी आवळणे नाही. सरळ दवाखाना. आणि निघतानाच फोन करून विचारा, श्वासाचे यंत्र कुठे आहे.

आता यांच्या जगण्याचे सांगतो.

आमचे लग्न १९८२ चे. यवतमाळ जिल्ह्यात आठ एकर कोरडवाहू, विहीर नाही. पऱ्हाटीत तुरीची तासे, बाकीच्या रानात ज्वारी. तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी होती. केंद्रावर गाडी नेली की कधी कधी दोन रात्री बैलांजवळच काढाव्या लागत, आणि चुकारा हातात पडेपर्यंत दुकानदाराची उधारी वाढलेली असे. वर्षभर राबून हाती काय राहिले, हे घरात कुणालाच सांगता येत नसे. म्हणून यांनी वही घातली. बियाणे, खत, फवारणी, बैलांची ढेप, मजुरी, सगळे लिहायचे. आणि त्या वहीत एक गोष्ट अशी होती, जी आमच्या गावात दुसऱ्या कुणाच्या वहीत नव्हती. यांनी आमचे दिवस लिहिले.

निंदायला गेलो, एक दिवस. वेचायला गेलो, एक दिवस. ज्वारीची कणसे खुडली, शेणखत पसरले, एक एक दिवस. समोर बाईच्या रोजाचा तेव्हाचा दर. सासूबाई हसायच्या, म्हणायच्या, बायकोला का मजुरी देतोस? हे म्हणायचे, "मजूर लावली असती तर दिली असती ना? मग घरची म्हणून फुकट कशी? तिचे दिवस धरले नाहीत तर कापूस फुकटात पिकला असे होईल."

एका वर्षी दिवाळीनंतर बेरीज केली. आमचे दिवस यांच्या दिवसांपेक्षा चाळीसने जास्त निघाले. स्वयंपाक, पाणी, लेकरे त्यात धरलीच नव्हती. त्या रात्री हे फार बोलले नाहीत. वही मिटली आणि म्हणाले, "हे बरोबर नाही."

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. वेचणी ऐन भरात होती. यांनी आम्हाला जा म्हटले. लेक दोन वर्षांची. तिला यांच्याजवळ ठेवून गावातल्या बायांबरोबर अकोल्याहून मनमाडची गाडी धरली. चार दिवसांनी परत आलो तर पोर खुशाल, आणि ओसरीवर वेचलेल्या कापसाचा ढीग. भाकरी तेवढ्या जाड झाल्या, असे सासूबाईंनी सांगितले.

पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक आली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून. पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन निजले. यांनी तलाठ्याकडे आणि तहसिलीत खेटे घातले. १९९१ मध्ये तीन एकर आमच्या नावावर झाले. लोक म्हणाले, बाईच्या ताब्यात गेला. यांनी कुणाशी वाद घातला नाही. सातबाऱ्याची नक्कल आणून आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "उपकार नाही. वहीतली थकबाकी आहे."

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता. तेव्हा हे घरोघर फिरले. वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका, उपाशी फवारू नका, दोन औषधे एकत्र कालवू नका. दुसऱ्याच्या जिवाची काळजी करणारा माणूस असा एका रात्रीत गेला. त्याचा राग अजून आमच्या मनातून जात नाही, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही.

तेराव्याला भाऊबंद बसले. दीर वाईट माणूस नाही. म्हणाले, वहिनी, पोरगा पुण्याकडे कंपनीत, तुम्ही एकट्या, जमीन मी वाहतो, दाणे घरपोच देतो. लेकीकडून हक्कसोडपत्र घेऊन टाकू. सगळ्यांनी माना हलवल्या. आम्ही उठलो, पेटीतून सातबारा आणला आणि समोर ठेवला. म्हटले, भाऊजी, तीन एकर आमचे तीस वर्षांपासून आहेत, ते आम्हीच वाहू. उरलेल्या पाच एकरांवर कायद्याने वारस चौघे: सासूबाई, आम्ही, लेक आणि लेक. चौघांची नावे लागतील. लागली. मुलीने सही केली नाही आणि माहेरही तुटले नाही. दीर आजही पेरणीला तिफण घेऊन येतात, रोजाने येतात, आणि ते रोज आम्ही वहीत लिहितो.

त्याच साली आमच्या गावातली आणखी एक बाई विधवा झाली. तिच्या नावावर गुंठाही नव्हता. वारस नोंद अडली, सोसायटीने दारात उभे केले नाही, मृगाचा पाऊस पडला आणि तिचे रान पडीक राहिले. आम्हाला मात्र आमच्या तीन एकरांवर पीककर्ज मिळाले. दुःख दोघींचे सारखेच होते. एकीच्या हातात कागद होता, एकीच्या नव्हता.

बांगड्या फोडायला बाया आल्या, तेव्हा सासूबाईंनीच दार लावले. म्हणाल्या, माझ्या लेकाने घेतलेल्या आहेत, राहू द्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. आमच्या म्हातारीने ठरावाशिवायच केला.

भावांनो, अचानक मरण आले तर घराला रडायलाही उसंत मिळत नाही, म्हणून चार कामे सांगतो. मयत झाल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस कळवा, त्यात बायको आणि लेक दोघींचे नाव घाला. साप, वीज, अपघात यांनी मरण आले तर पंचनामा आणि दवाखान्याचे कागद सोडू नका. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत २ लाख रुपये आहेत, तालुका कृषी कार्यालयात लगेच विचारा. घरची वही घाला आणि तिच्यात बायकोचे दिवस लिहा. आणि जमीन नावावर करायची तर धडधाकट असताना करा, मेल्यावर करता येत नाही.

यांच्या फोटोला हार घालता, बरे वाटते. पण आज घरी गेल्यावर पेटी उघडा, सातबारा काढा, आणि भोगवटादाराच्या रकान्यात कुणाकुणाचे नाव आहे ते बायकोला वाचून दाखवा. तिचे नाव नसेल तर तेही तिला सांगा.