एआरटीची डबी आणि सातपुड्याचा घाट



ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून निघाल्या आणि पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नवा जिल्हा झाला की लोक विचारू लागतात, आता कोणतं काम इथंच होणार? कशासाठी छिंदवाडा गाठावा लागणार नाही? जमिनीचे कागद, जातीचा दाखला, पेन्शन, हे सगळं चहाच्या टपरीवर मोठ्यानं विचारता येतं. एक प्रश्न मात्र तिथं कुणी काढत नाही. ज्याला तो पडतो, त्याच्या घरच्यांनाही तो कधीकधी ठाऊक नसतो. एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या, गोळ्या आता कुठं मिळतील, हा तो प्रश्न. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी गोळीविषयी. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ मध्ये मद्रासला उघडकीला आली. त्यानंतर कितीतरी वर्षं या आजाराचं औषध फक्त श्रीमंतांसाठी होतं. २००१ मध्ये सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला साडेतीनशे डॉलरना देऊ केला. तोवर त्याच उपचाराला परदेशी कंपन्या दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारनं हे औषध मोफत द्यायला सुरुवात केली, तीही आधी देशभरातल्या अवघ्या आठ रुग्णालयांतून. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर, ही तिन्ही औषधं तिच्यातच असतात. ती रोज घेतली तर काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तो तसाच दबलेला राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा म्हणतो, कारण आपल्या गावांत ते अजून पोचलेलं नाही: गोळी नियमित चालू असेल आणि विषाणू दबलेला असेल, तर जोडीदाराला लागण होत नाही. अशा माणसाला संसार करता येतो, आणि वेळेवर उपचार घेणाऱ्या आईचं मूलही निरोगी जन्माला येऊ शकतं.

आणखी एक गोष्ट गावांत पोचलेली नाही. २००४ मध्ये औषध सुरू करायला रक्तातल्या सीडी-४ या रोगप्रतिकाराच्या पेशी दोनशेच्या खाली जाव्या लागत. पुढं ती मर्यादा साडेतीनशेवर आली, मग पाचशेवर. म्हणजे रक्त तपासून लागण निघाली, तरी पेशी पुरेशा असल्या की माणसाला सांगितलं जाई, ‘अजून गरज नाही, सहा महिन्यांनी या.’ त्यातले कितीतरी पुन्हा आले नाहीत. २०१७ पासून नियम बदलला. लागण निघाली की पेशी कितीही असोत, उपचार सुरू. पण ज्यानं २०१० साली ‘गरज नाही’ हे ऐकलं, त्याच्या कानात आजही तेच आहे. आशा कार्यकर्तींनी, गावातल्या डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवावं. असा कुणी ओळखीचा असेल, तर त्याला एकांतात गाठून सांगावं की तो नियम आता गेला.

आता वाटेविषयी. छिंदवाड्याच्या एआरटी केंद्रात जायचं तर आपल्या भागातून सातपुड्याचा घाट चढावा लागतो. दुसऱ्या बाजूला सपाटीनं नागपूर आहे. आपली संत्री तिथल्या कळमन्याच्या बाजारात जातात आणि आपला गंभीर रुग्ण नागपूरच्या ‘मेडिकल’ला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जातो, ही इथली जुनी रीत. समजा, रामाकोन्याच्या बाजूच्या एका वाडीतली बाई आहे. नवरा गेलेला, दोन मुलं, कपाशी वेचायला आणि संत्र्याच्या तोडीला मजुरीनं जाते. तिला दर महिन्याला डबी आणायला जायचं आहे. बसभाडं लागतं, दिवसाची मजुरी बुडते, हे कुणालाही कळेल. पण तिला त्याहून जड जाते ती महिन्याच्या महिन्याला सांगायची सबब. सासूला काय सांगायचं? मुकादमाला काय सांगायचं? एकदा बहिणीचं दुखणं सांगून झालं, एकदा बँकेचं काम सांगून झालं. ऐन वेचणीत मुकादम सोडत नाही, डबी संपते, आठ दिवस गोळीविना जातात. गोळीत वारंवार खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारा होऊ शकतो आणि मग क्षयरोगासारखी दुखणी गाठतात. सरकारी नोंदीत मात्र एवढंच येतं की रुग्ण आला नाही. अशा रुग्णाला हलगर्जी म्हटलेलं ऐकलं की मला फार वाईट वाटतं. हलगर्जी असती तर तिनं इतकी वर्षं इतक्या सबबी शोधल्या नसत्या.

यावर उपाय आहेत, आणि ते कागदावर आपल्याकडेही आहेत. मुख्य एआरटी केंद्रात ज्याची तब्येत स्थिर झाली, त्याची पुढची डबी जवळच्या रुग्णालयातल्या लिंक एआरटी केंद्रातून देता येते. स्थिर रुग्णाला एका महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात. २०२० च्या टाळेबंदीत जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं केंद्रांना सांगितलं की जास्त महिन्यांच्या गोळ्या द्या आणि गरज तिथं कार्यकर्त्यांच्या हातून पोचवा. ठिकठिकाणी ते झालं. कार्यकर्त्यांनी पिशव्यांत डब्या भरून गावं गाठली. गाड्या पुन्हा सुरू झाल्या म्हणून रुग्णानं पुन्हा दर महिन्याला घाट चढावा, असं कुणी म्हणू नये.

अशाच अडचणीवर दुसरीकडेही उपाय निघाला आहे. आफ्रिकेतल्या मोझांबिक देशात, तेते प्रांतात, २००८ पासून रुग्णांच्या गटांची एक व्यवस्था उभी राहिली. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था आणि तिथलं आरोग्य खातं पाठीशी होतं. जवळपास राहणारे सहाजणांपर्यंतचे रुग्ण गट करतात. दर महिन्याला त्यांतला एक दवाखान्यात जातो, स्वतःची तपासणी करून घेतो आणि सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येतो. सहाजणांचा गट असला की प्रत्येकाची पाळी सहा महिन्यांनी येते. या गटांतले फार थोडे लोक उपचार सोडून गेले, आणि मग इतर देशांनीही ही रीत उचलली.

ती जशीच्या तशी पांढुर्ण्यात चालेल का? माझं मत असं की सगळीकडे चालणार नाही. आपल्याकडे तीनशे घरांच्या गावात कुणाच्या घरी कुठला पाहुणा आला, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. तिथं एका गावातल्या सहाजणांनी एकमेकांसमोर यायचं, म्हणजे जे झाकलं ते उघडं करायचं. वेगवेगळ्या गावांतले, आधीपासून केंद्राच्या बाकावर शेजारी बसून ओळख झालेले लोक आपण होऊन एकत्र आले, तर गोष्ट वेगळी. काही रुग्ण तर जवळ सोय झाली तरी मुद्दाम नागपूरला जातील, कारण सौंसरच्या रुग्णालयात औषधं देणारा भाचजावयाचा मित्र निघू शकतो. त्यांना ‘तुमच्याजवळ सोय झाली, आता इकडे येऊ नका’ असं सांगणं हा अन्याय आहे. कुणाला घराजवळ हवं, कुणाला दूर, कुणाला टपालासारखं घरपोच, कुणाला बाजाराच्या दिवशी. निवड रुग्णाची असली पाहिजे. आपल्या सोयीसाठी माणसं संत्री राज्याबाहेर पाठवतात, शेजारच्या राज्यात सोयरिक करतात. औषधाच्या बाबतीत मात्र राज्याची सीमा आडवी येऊ नये, म्हणून मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या एड्स नियंत्रण यंत्रणांनी या पट्ट्यापुरतं एकत्र बसायला हवं. कामासाठी नागपुरात तीन महिने राहिलेल्या मजुराला तिथंच डबी मिळावी आणि परतल्यावर इकडे चालू राहावी, यासाठी त्याला कागदांच्या चकरा पडू नयेत.

गुप्ततेला कायद्याचा आधार आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लागण आहे म्हणून नोकरीवरून काढणं, शाळेत न घेणं, उपचार नाकारणं, भाड्यानं घर न देणं, हे सगळं त्यानं बेकायदा ठरवलं. कायद्यातले मोजके अपवाद सोडले, तर संमतीशिवाय कुणाच्या लागणीची वाच्यता करता येत नाही. याच कायद्यात सरकारनं उपचार ‘शक्य तितका’ पुरवावा असे शब्द राहिले, आणि रुग्णांच्या संघटनांनी त्यांना विरोध केला होता. तो विरोध मला योग्य वाटतो. रोजच्या गोळीला ‘शक्य तितकं’ लावता येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते. त्या दिवशी प्रशासन जाम नदीच्या काठावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभ्या करतं, कारण माणसं जखमी होणार हे आधीच ठाऊक असतं. म्हणजे रुग्णाजवळ जाऊन उपचार करणं आपल्या यंत्रणेला जमतं. पांढुर्णा आणि सौंसर दोन्हीकडे शासकीय रुग्णालयं आहेत. स्थिर रुग्णाची डबी तिथून द्यायला नवी इमारत लागत नाही. कुलूप लागणारं कपाट, शिकवून तयार केलेला एक समुपदेशक आणि नेहमीच्या ओपीडीतच, वेगळी पाटी न लावता, त्याला बसायला जागा लागते. वेगळी पाटी लावली की रुग्ण येणार नाही, हे नव्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून लक्षात घ्यावं.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाची गोळी चालू असेल, तर पुढच्या खेपेला केंद्रात तीन गोष्टी विचारा. माझ्या व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी कधी झाली आणि पुढची कधी? मला तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात का? माझी डबी मला सोयीच्या दुसऱ्या केंद्रातून घेता येईल का? ‘नाही’ म्हटलं तर का, तेही विचारा. गोळी मध्येच सुटलेली असेल, तर रागावतील म्हणून घरी थांबू नका. पुन्हा सुरू करता येते. केंद्रात जाण्याआधी कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.