मुलांची बाग आणि जमिनीचा मालक



लहान मुलांना सार्वजनिक उद्यानात नेणे आणि सामुदायिक बागेत नेणे या गोष्टी वरवर सारख्या दिसतात. उद्यानात 'फुले तोडू नयेत' अशी पाटी असते, माळी महापालिकेचा पगारदार असतो आणि मूल तेथे प्रेक्षक म्हणून वावरते. सामुदायिक बागेत वस्तीतील माणसेच खणतात, पेरतात, पाणी घालतात. तेथे गेलेल्या पाच वर्षांच्या मुलाच्या हातीही झारी येते. या फरकामागे अर्थशास्त्रातला मालकीचा जुना प्रश्न आहे. न्यूयॉर्कच्या बागांचा इतिहास तो प्रश्न चांगला उलगडून दाखवतो.

१९७५ साली ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात पोर्टो रिकोहून आलेल्या श्रमिकांची मोठी वस्ती होती. भाड्यातून पुरेसे उत्पन्न निघेना तेव्हा घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या. काहींनी विम्याच्या पैशासाठी पेटवूनही दिल्या. कर थकलेले ते भूखंड महापालिकेच्या गळ्यात पडले आणि त्यांवर राडारोड्याचे ढीग साचले. बॉवरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील असाच एक भूखंड १९७३ साली चित्रकार लिझ ख्रिस्ती आणि त्यांचे 'ग्रीन गेरिला' सहकारी यांनी साफ करण्यास घेतला. पुढच्याच वर्षी महापालिकेने तो दरमहा एक डॉलर भाड्याने दिला. १९७८ साली 'ग्रीन थम्ब' नावाची सरकारी योजना निघाली आणि अशा बागांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली. भांडवलाने टाकून दिलेली जमीन श्रमाने पुन्हा वसवली, असे या घटनेचे साधे वर्णन करता येईल.

या बागांत मुले काय शिकतात? निसर्गप्रेम, असे ठरीव उत्तर शिक्षणतज्ज्ञ देतील. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मुलांचा प्रवेश मातीपासूनच अवघड होतो. जुन्या इमारतींचा रंग आणि मोटारींचे पेट्रोल यांतले शिसे शहराच्या मातीत उतरलेले असते, आणि त्याचा अपाय सर्वांत अधिक लहान मुलांना होतो. म्हणून फळ्यांची चौकट करून, बाहेरून आणलेली स्वच्छ माती भरून उंच वाफे करावे लागतात आणि बागेतून निघताना मुलांचे हात धुवावे लागतात. पाणी पुष्कळदा रस्त्यावरच्या अग्निशामक नळातून, रीतसर परवाना काढून घ्यावे लागते. ते वाहून आणायचे असते, म्हणून जपून वापरावे लागते. गांडूळ हातावर घेण्यात मूल तासभर रमते, पण निंदणीला दहा मिनिटांत कंटाळते. त्यात मुलांचा दोष नाही, मोठ्यांचेही तेच होते! काही वाफे एकेका कुटुंबाकडे असतात, काही सर्वांचे. पिकलेला टोमॅटो समोर असताना हा वाफा कोणाचा असे विचारून मगच हात घालायचा, आणि सर्वांच्या वाफ्यातला असला तरी तेथे काम केलेल्या इतर मुलांसाठी मागे ठेवायचा, हे मुलाला तेथे उमगते. हंगामात फाटक आठवड्याला किमान वीस तास सर्वांसाठी उघडे ठेवण्याची अट असते. ते कोणी उघडायचे याची पाळी ठरते, आणि पाळी चुकवणाऱ्याला बोलणी बसतात.

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी एक काल्पनिक कुरण रंगवून, सामायिक मालमत्तेचा शेवट विनाशातच होतो असा सिद्धांत मांडला. खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना तो फार सोयीचा वाटला. प्रत्यक्षातल्या कुरणांचा, जंगलांचा आणि पाटपाण्याचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की ज्यांचे नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात आणि देखरेखही तेच करतात, अशा व्यवस्था पिढ्यानुपिढ्या टिकू शकतात. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांची आणखी एक अट मात्र अनेकजण वाचता वाचता ओलांडून जातात: स्वतःचे नियम करण्याचा लोकांचा हक्क सरकारने मान्य केला पाहिजे.

नेमक्या याच अटीवर न्यूयॉर्कच्या बागा अडल्या. वस्ती सुधारली, त्यात बागांचाही वाटा होता, आणि त्यामुळे जमिनीचे भाव चढले. १९९९ साली महापौर जुलियानी यांनी शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. विरोध होताच त्यांनी साम्यवादाचे युग संपल्याची आठवण करून दिली. जणू मुलांनी लावलेला भोपळा हे मॉस्कोचे कारस्थान होते! लिलावाच्या तोंडावर दोन खाजगी संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या बागा सोडवल्या. जी जमीन लोकांचीच होती ती लोकांसाठी विकत घ्यावी लागली. 'एस्पेरान्झा' बागेला तेवढेही भाग्य लाभले नाही. पोर्टो रिकोच्या 'कोकी' या इवल्याशा बेडकाची भलीमोठी प्रतिकृती उभारून, तीत बसून कार्यकर्त्यांनी पहारा केला. १५ फेब्रुवारी २००० रोजी बुलडोझर आले आणि निदर्शकांना अटक झाली. बागा उद्ध्वस्त करण्यास न्यायालयाची मनाई त्याच दिवशी मिळाली, पण ती या बागेच्या कामी आली नाही. पुढे २००२ साली समझोता होऊन शेकडो बागांना संरक्षण मिळाले.

नॉरफॉक आणि स्टॅन्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९८५ साली खास मुलांसाठी सुरू झालेल्या बागेचा एक भाग खाजगी मालकीचा होता. २०१३ साली मालकाच्या बाजूने तेथे कुंपण पडले. उरलेला भाग शहराचा होता, तो उद्यान विभागाकडे जाऊन वाचला. काल एक असलेली बाग आज दोन का, या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात सापडणारे नाही.

महाराष्ट्रात या विषयाला गायरान हे जुने नाव आहे. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत द्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. कार्यकर्त्यांनी त्या निकालपत्राचा अभ्यास केला पाहिजे. शहरांत बागेसाठी आणि क्रीडांगणासाठी राखलेले भूखंड असतात, पण मुदतीत संपादन झाले नाही तर नगररचना कायद्याखाली आरक्षण संपुष्टात येऊ शकते. एखाद्या वस्तीतील मुलांना घेऊन पडीक जागेवर वाफे घालण्याचा बेत असेल, तर आधी खेड्यात तलाठ्याकडून सातबारा आणि शहरात नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढावे, विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवले आहे ते पाहावे, आणि मग बियाणे आणावे.