कुत्र्याचे दात घासताना



तुमच्या कुत्र्याचा वरचा ओठ हलकेच उचलून पाहा.
अगदी मागे, गालाजवळच्या मोठ्या दाढेवर
पिवळट-तपकिरी थर दिसतो का?
ते किटण.

दातांवर रोज मऊ, चिकट थर साचतो.
लाळेतल्या क्षारांमुळे तो दोन-तीन दिवसांतच कडक होऊ लागतो.
मऊ थर ब्रशनं निघतो.
कडक किटण निघत नाही.
म्हणून ब्रश रोज हवा.
पुन्हा सांगते, रोज.

सुरुवात बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यानं करा.
कुत्रा सरावला, की मऊ ब्रश घ्या.
दातांची बाहेरची बाजू हिरडीच्या कडेनं हळूहळू घासा.
आतली बाजू त्याची जीभ बरीचशी साफ ठेवते.

पेस्ट मात्र कुत्र्यांसाठीचीच.
आपली नको, अजिबात नको!
त्याला चूळ भरता येत नाही, तो ती गिळतो.
आपल्या काही पेस्टमधलं झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य त्याच्या जिवावर बेतू शकतं.

टणक हाडंही देऊ नका, दाढ तडकते.
किटण घरी खरवडू नका.
ते काम पशुवैद्यांचं, भूल देऊन करायचं.

तोंडाला घाण वास येतोय?
हिरडीतून रक्त येतंय?
तो एकाच बाजूनं चावतोय?
मग आधी डॉक्टरांना दाखवा,
ब्रश त्यांना विचारूनच सुरू करा.