लेडी मॅनेजर

मी इंदूरची. घरात मराठी, मैदानावर हिंदी, आणि पंचांशी भांडण निघालं की दोन्हींची खिचडी. बावीस वर्षं एका कॉलेजात क्रीडा अधिकारी आहे. महाराष्ट्रात तुम्ही ज्यांना शारीरिक शिक्षण संचालक म्हणता, तेच हे पद.

मी एकोणीस वर्षांची असताना खो-खोच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई हवी. म्हणून आमच्याबरोबर संस्कृतच्या मॅडम आल्या, 'लेडी मॅनेजर' म्हणून. गाडी सुटल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "एका वेळी किती जणी खेळतात गं यात?" मी म्हटलं, "नऊ, मॅडम."

हसू नका. त्यांना प्राचार्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. दोन वर्षांचं मूल सासूबाईंकडे ठेवून आल्या होत्या बिचाऱ्या. त्यांच्याकडे काय होतं? खोलीची किल्ली, तिकिटं आणि रात्री मुली मोजायचं काम. पहिल्या तुकडीत कोण पळणार, कोणाला बसवायचं, हरकत घ्यायची की नाही, हे सगळं सरांकडे. मॅनेजरांची बैठक होती, तिथेही सरच गेले. कागदावर मात्र आमच्या संघाच्या नेतृत्वात एक स्त्री होती!

मला बरेच दिवस वाटायचं, की मुली जास्त खेळायला लागल्या की हे आपोआप बदलेल. आज खेळताहेत त्या उद्या शिकवतील, परवा खुर्चीत बसतील. मग अमेरिकेतल्या कॉलेजांची गोष्ट वाचली आणि तो भ्रम गेला.

तिथे १९७२ साली 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढंच त्यात होतं. खेळाचा उल्लेखही नव्हता. पण मैदानं उघडली. शाळांमध्ये खेळणाऱ्या मुली तेव्हा तीन लाखांच्या आत होत्या, पुढे चौतीस लाखांवर गेल्या. आता दुसरा आकडा ऐका. १९७२ मध्ये कॉलेजातल्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत शंभरात नव्वदहून जास्त बायका होत्या. २०१४ मध्ये उरल्या त्रेचाळीस.

मुली वाढल्या आणि बाई कमी झाल्या. असं कसं?

कारण आधी ते काम फुकटात किंवा चिल्लर पैशात होतं. पॅट समिट या बाई १९७४ मध्ये बावीसाव्या वर्षी टेनेसी विद्यापीठात बास्केटबॉलच्या प्रशिक्षक झाल्या, तेव्हा महिन्याला अडीचशे डॉलर मिळायचे. संघाची गाडी त्या चालवायच्या, कपडेही त्याच धुवायच्या. (त्यांनी पुढे १,०९८ सामने जिंकले, ते सोडा.) कायद्यामुळे पगार आला, तसे पुरुषांचे अर्जही आले. आणि अर्ज निवडणारे कोण? कॉलेजातल्या महिलांच्या खेळासाठी बायकांनीच चालवलेली एक वेगळी संघटना १९७१ पासून होती. १९८१-८२ मध्ये पुरुषांच्या मोठ्या संघटनेने मुलींच्या स्पर्धा आपल्याकडे सुरू केल्या आणि बायकांची संघटना लवकरच बंद पडली. कॉलेजाकॉलेजात दोन क्रीडा विभागांचा एक झाला. एकत्र कुटुंबात होतं तसंच, किल्ल्या एकाच्या कमरेला. उलट दिशेने दार उघडलंच नाही: मुलग्यांच्या संघावर बाई प्रशिक्षक अगदी मोजक्या.

आपल्याकडे वरच्या मजल्यावर हालचाल आहे. पी. टी. उषा २०२२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्याच महिला. कबड्डीत सुनील डबास आहेत. नावावर जाऊ नका, या बाई आहेत. भारताच्या महिला संघाच्या माजी प्रशिक्षक, २०१२ चा द्रोणाचार्य पुरस्कार, २०१४ ची पद्मश्री. २०२५ चा क्रीडा कायदा आला, पण तो राष्ट्रीय संघटनांसाठी. माझ्या कॉलेजच्या निवड समितीत कोण बसणार, हे तो सांगत नाही. ते मी आणि प्राचार्य ठरवतो.

म्हणून आता माझ्याबद्दल सांगते. पाच वर्षांपूर्वी कबड्डीसाठी मानधनावर प्रशिक्षक हवा होता. दोन अर्ज चांगले होते. एक आमच्याच कॉलेजची माजी कर्णधार, पतियाळाचा प्रशिक्षणाचा डिप्लोमा झालेली. दुसरा एक मुलगा, डिप्लोमा नसलेला. मी मुलाचं नाव लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं, मी मनातल्या मनात हिशेब केला: रात्रीचे प्रवास, सासर, उद्या मूल. संस्कृतच्या मॅडमचा चेहरा आठवत होता मला, आणि मला वाटलं मी तिच्यावर दयाच करतेय.

ती नंतर भेटायला आली. रडली नाही, भांडली नाही. "मॅडम, एकदा मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाली. मग एका शाळेत लागली. त्या मुलाने दोन वर्षांत नोकरी बदलली.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. लेडी मॅनेजरचं नाव हंगामाच्या सुरुवातीला ठरतं आणि तिला सरावाला यावं लागतं. मॅनेजरांच्या बैठकीला तीच जाते. आणि निवडीच्या कागदावर तिची सही लागते. चौथी गोष्ट अडकली आहे: लहान मूल असलेल्या बाईबरोबर घरचं एक माणूस यावं, त्याचं तिकीट कॉलेजने द्यावं. हिशेब विभाग विचारतो, कोणत्या खात्यात टाकू? मी म्हटलं, क्रीडासाहित्यात टाका. त्यांना ते विनोदी वाटलं.

गेल्या महिन्यात ती जागा पुन्हा निघाली. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "मुलगा चार वर्षांचा आहे. येईन. पण संघ मी निवडणार, मॅडम. तुम्हीसुद्धा मध्ये बोलायचं नाही."

मुलाखती गुरुवारी आहेत. समितीत आम्ही पाच जण, त्यातली बाई मी एकटी.