वाद, वितंडा आणि मूठभर तांदूळ
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त मुरुम येथील व्याख्यान)



मंदिराचा जीर्णोद्धार झाला, सभामंडप नवा झाला. मंडप भजन-कीर्तनासाठी असतो, तसाच चार माणसांनी बसून विचार करण्यासाठीही असतो.

आज 'वाद' म्हटले की भांडण आठवते. जुन्या शास्त्रात तसे नव्हते. गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून केला जातो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे खोडीत बसणे ती वितंडा. शास्त्रचर्चेची रीतही ठरलेली होती. समोरच्याचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी मांडायचा आणि मग आपले उत्तर द्यायचे.

मात्र ही चर्चा संस्कृत जाणणाऱ्यांची. कष्टकऱ्यांना तेथे कोण विचारणार? त्यांच्यासाठी दार उघडले ते मुरुमच्या पूर्वेस, आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या पुढाकाराने तेथे अनुभवमंटप भरत असे. अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू असत आणि बोलणे लोकांच्या कन्नडात चाले. चर्मकार हरळय्या, परीट माचय्या, नावाडी चौडय्या त्या सभेत बसत. अक्कमहादेवी आल्या तेव्हा अल्लमप्रभूंनी त्यांना कठोर प्रश्न विचारले. त्यांनी उत्तरे दिली व सभेने त्यांचा अधिकार मानला. पुढे पंधराव्या शतकात असे संवाद 'शून्यसंपादने' या ग्रंथात गुंफले गेले.

त्याच परंपरेतील एक कथा. मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. त्यावर पती-पत्नीचा निर्वाह व दासोह चाले. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मा म्हणाली, ही हाव आपल्याला नको, जादा तांदूळ परत टाकून या. मारय्याने ऐकले. त्या गरीब बाईची वचने आजही वाचली जातात.

या विचाराची किंमतही मोजावी लागली. हरळय्यांचा मुलगा व ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला. परंपरा सांगते, त्यापायी राजा बिज्जळाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला. शरण कल्याण सोडून पांगले. बोलणे मात्र मेले नाही.

आता या मंडपात गावाचे प्रश्न निघतील, वर्गणीचा हिशेबही निघेल. त्या वेळी समोरच्याचे आधी पुरते ऐकावे. आणि मागच्या रांगेतून एखादी लक्कम्मा बोलली, तर देणगीदारांनीही तिला थांबवू नये.