आकडा कोणत्या भाषेतला?



आमच्या भागातली मुलं दिवसभरात तीन-चार भाषांतून ये-जा करतात. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत देशभरातून माणसं आली. बदलापूरला मुंबईची मराठी कुटुंबं येत राहिली. आमच्यासारख्या घरांत आत उर्दू, अंगणात मराठी. अशा मुलाची बुद्धी कोणत्या भाषेत मोजायची?

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसला बुद्धिमापनाची चाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून वेगळी मदत देता यावी म्हणून. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये तिला मराठी आणि कन्नड रूप दिलं. त्यांनी नुसता अनुवाद केला नाही; इथल्या मुलांना कोणत्या वयात काय जमतं, ते तपासून पाहिलं. बिने-कामत चाचणी आजही वापरतात.

हिशेब सोपा आहे. मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. आठ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाइतकंच जमलं, तर बुद्ध्यांक ७५. पण का जमलं नाही, हे आकडा सांगत नाही. समजा विचारलं, 'उंबरठा म्हणजे काय?' मूल गप्प. 'दहलीज' म्हटलं असतं, तर तेच मूल धावत जाऊन दारात उभं राहिलं असतं. वस्तू त्याच्या ओळखीची, शब्द परक्या घरचा.

ही अडचण जाणकारांना ठाऊक आहे. म्हणूनच ठोकळे जुळवण्याच्या, आकृत्या पुऱ्या करण्याच्या चाचण्या निघाल्या. आपल्याकडे भाटियांची १९५५ ची. चांगला मानसतज्ज्ञ एकाच चाचणीवर थांबत नाही.

शेजारपाजारच्या आया रिपोर्ट घेऊन येतात. विचारतात, 'चाचा, पोरगा मठ्ठ आहे का हो?' मी सांगतो, चाचणीला घाबरू नका, ती टाळूही नका. मूल खरंच मागे पडत असेल, तर वेळेवर कळलेलं बरं. फक्त तपासणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. प्रश्न कोणत्या भाषेत विचारले? तुलना कोणत्या काळातल्या मुलांशी केली? आणि आता मुलाला मदत कोणती द्यायची?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तरच तो कागद जपून ठेवा. बिनेनं चाचणी केली होती ती त्या उत्तरासाठीच.