शेवाळाची साक्ष



मी क्योतोत राहते, तेव्हा इथल्या देवळांबद्दल काही ऐकायला मिळेल, अशी तुमची अपेक्षा असणार. मी देवळातल्या शेवाळाबद्दल बोलणार आहे. साइहोजी हे इथलं 'शेवाळमंदिर'. त्याच्या बागेत शेवाळाच्या सुमारे १२० जाती आहेत. गर्दीचा त्रास होऊ लागल्यावर १९७७ पासून तिथे आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश मिळत नाही. आपल्याकडे मात्र शेवाळ म्हणजे पावसाळ्यात पाय घसरण्याचं कारण!

मराठीत आपण पाण्यातल्या आणि भिंतीवरच्या, दोन्ही हिरव्या थरांना शेवाळच म्हणतो. मी बोलते आहे ते दुसऱ्याबद्दल, म्हणजे शाळेत शिकलेल्या 'फ्युनारिया'च्या कुळाबद्दल. याला खरी मुळं नसतात. पानं बहुधा एकाच पेशीच्या जाडीची, त्यांवर मेणाचा थर जवळजवळ नाही. त्यामुळे पाणी आणि क्षार ते मुख्यतः पाऊस, धुकं आणि धूळ यांतूनच घेतं. त्याबरोबर हवेतलं शिसं, कॅडमियमही येतं आणि पेशीभित्तिकांना चिकटून साठत राहतं. थोडक्यात, शेवाळ ही हवेची जमाखर्चाची वही आहे, फक्त खर्चाची बाजू फारच लहान.

हे स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूलिंग आणि टायलर यांनी दाखवलं. १९९० पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी शेवाळ गोळा करून धातूंचे नकाशे काढतात. जपानमध्ये ताओदा यांनी १९७२ मध्ये झाडांच्या सालीवर कोणत्या जाती टिकल्या, कोणत्या नाहीशा झाल्या, यावरून टोकियोच्या प्रदूषणाचा नकाशा प्रसिद्ध केला. (आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूलही अशाच साक्षीदारांपैकी, पण ते शेवाळ नव्हे, लायकेन.)

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते अमेरिकेतल्या पोर्टलंडचं उदाहरण. तिथे वनखात्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये झाडांवरच्या शेवाळाचे ३४६ नमुने घेतले. कॅडमियम दोन ठिकाणी एकवटलेलं दिसलं आणि दोन्हीकडे जवळच रंगीत काचेचे कारखाने होते. मग एकाजवळ सरकारी यंत्र बसवलं, तेव्हा हवेतलं कॅडमियम राज्याच्या आरोग्यमानकाच्या सुमारे ४९ पट निघालं. २०१६ मध्ये हे बाहेर आल्यावर लोक खवळले, नियम बदलले. शहरात यंत्रं आधीही होती, पण ती त्या वस्तीत नव्हती.

मुद्दा इथे आहे. यंत्र महाग, म्हणून थोडी; आणि थोडी म्हणून शहराची सरासरी. सरासरीत कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारं कुटुंब दिसत नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित ठरवलेल्या औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर, डोंबिवली, तारापूर होती. तिथल्या कोणत्या गल्लीत काय पडतं, हे विचारण्याचा हक्क तिथल्या माणसांना आहे.

शेवाळाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ते तुलना सांगतं, श्वासातलं प्रमाण नेमकं सांगत नाही. म्हणून यंत्राला पर्याय नाही, यंत्र कुठे बसवायचं याचा सल्ला आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात जिवंत शेवाळ मिळणार नाही. त्यावरही उपाय आहे: स्वच्छ जागचं शेवाळ धुऊन, जाळीच्या पिशव्यांत भरून ठरावीक दिवस टांगायचं आणि टांगण्याआधीच्या नमुन्याशी ताडून पाहायचं. पिशव्या महाविद्यालयातली मुलंही टांगू शकतात. खर्च येतो तो प्रयोगशाळेतल्या तपासणीचा.

आपण परदेशातून आईवडिलांसाठी हवा शुद्ध करणारं यंत्र पाठवतो. ते चूक नाही, पण त्याने एक खोली सुधारते. तेवढ्याच पैशांत, आपण शिकलो त्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला काही नमुने तपासून घेता येतील. निष्कर्ष मात्र मराठीत, नकाशासकट, त्या वस्तीत लावले गेले पाहिजेत, ही अट आपण घालावी. माहिती ज्यांच्या फुफ्फुसांची, तिच्यावर पहिला हक्क त्यांचा.